आधी सासूबाईंची खुर्ची मांडा

मूळच्या पोलंडच्या एक वाचक लग्नानंतर दीड वर्षापासून सांगलीत, विश्रामबागेत सासू-सासऱ्यांसोबत राहतात. पत्र त्यांनी मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. गेल्या वर्षी गौरी-गणपतीत त्यांना नऊवारी नेसवून खुर्चीवर बसवलं, आल्या-गेल्या प्रत्येकीनं सोबत फोटो काढले, पण स्वयंपाकघरात कुणी हात लावू दिला नाही. यंदा जुलैअखेरीस सासूबाईंचं गुडघा बदलायचं ऑपरेशन झालंय. सासूबाई म्हणतात, “राहू दे, यंदा साधंच करू.” नवरा म्हणतो, “सगळं बाहेरून मागवू.” आतेसासूबाई फोनवर म्हणाल्या, “तिला कुठलं जमतंय?” आणि ते नेमकं यांच्या कानावर पडलं. आता त्यांच्या मनात आहे की एकवीस मोदकांपासून पंचवीस माणसांच्या पुरणपोळीपर्यंत सगळं एकटीनं करून दाखवायचं, म्हणजे आपण या घरच्या झालो हे सगळ्यांना पटेल. आणखी दोन गोष्टी त्या विचारतात. चर्चमध्ये वाढलेल्या माणसानं, मनात श्रद्धा नसताना पूजा करणं हे ढोंग नाही का? आणि नेमकी त्याच दिवसांत पाळी आली तर काय करायचं?

तुमच्या पत्रात ‘करून दाखवायचंय’ हे शब्द चार वेळा आलेत. तिथूनच सुरुवात करू.

करून दाखवायचं म्हटलं की समोर परीक्षक लागतात, आणि ते तुम्ही नेमूनही टाकलेत: आतेसासूबाई, शेजारच्या काकू, थोड्याफार सासूबाईसुद्धा. पण गौरी-गणपतीचा पसारा एकट्या बाईनं ओढायची आपल्याकडं रीतच नाही. जावा, नणंदा, शेजारणी, पुरण वाटायला येणाऱ्या मावशी, असे पाच-सहा जणींचे हात लागले की मग तो सण उभा राहतो. तुम्ही सगळं एकटीनं केलंत तर ते या घरच्यासारखं होणार नाही. ते पाहुण्यानं केलेलं कौतुकाचं काम होईल, आणि नेमक्या त्याच खुर्चीतून तुम्हाला उठायचंय.

आता ‘राहू दे’बद्दल. मराठीत हे दोन शब्द कोण म्हणतं आणि कुठं बघून म्हणतं, यावर त्यांचा अर्थ ठरतो. जेवताना पाहुणा ‘राहू दे’ म्हणाला तर आणखी एकदा आग्रह करायचा असतो. भाजीवाल्याला म्हटलं तर खरंच नको असतं. आणि वर्षानुवर्षं गौरी उभ्या करणारी बाई गुडघ्यावरची जखम सांभाळत, खाली बघून ‘राहू दे’ म्हणते तेव्हा ती बहुधा तुमच्याबद्दल बोलतच नसते. आपल्यावाचून सण पार पडला तरी तिला लागणार, आपल्यामुळं अडला तरी लागणार. यंदा तुमच्या घरात जागा हललीय ती सासूबाईंची. तुमची नव्हे. म्हणून पहिलं काम मोदकांचं नाही, खुर्चीचं आहे.

गुडघा बदलल्यावर मांडी घालून किंवा उकिडवं बसायला डॉक्टर सहसा नाही म्हणतात, आणि आपला अख्खा सण जमिनीवर मांडलेला असतो. तो उचलून खुर्चीच्या उंचीवर आणा. अडीच फुटांचं, न डुगडुगणारं टेबल भिंतीला टेकवून ठेवा, त्यावर बुटका चौरंग आणि त्यावर गणपती. मूर्ती नऊ-दहा इंचांची शाडूचीच घ्या, म्हणजे बसल्या बसल्या सासूबाईंचा हात कपाळापर्यंत पोचतो. खुर्ची हातांची, बिनचाकांची, बैठक किमान दीड फूट उंच. त्याहून बुटकी असली तर उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. उजव्या हाताला स्टूल, त्यावर हळद-कुंकू, अक्षता, दूर्वा, फुलं. उभ्या गौरी स्टँडवर साधारण तीन फुटांच्या होतात, त्यामुळं मुखवटे बसवणं, कुंकू लावणं, दागिने घालणं खुर्चीतून आरामात होतं. खालच्या निऱ्या तुम्ही बघायच्या. स्टँडच्या तळाशी गहू-तांदळाच्या पिशव्या ठेवा, नाहीतर साडी ओढताना गौर पुढं कलते. नेसवायला काठाची सुती किंवा सिल्कची साडी घ्या. जॉर्जेटच्या निऱ्या पिना लावूनही सुटतात. समई पदरापासून हातभर लांब, ताटात ठेवलेली असावी.

गौरीची पावलं दारापासून आतपर्यंत काढायची असतात. यंदा ती सुट्या रांगोळीची नकोत. फरशीवर सांडलेली रांगोळी वाळूसारखी सरकते, आणि सासूबाई वॉकर घेऊन किंवा काठी टेकत येणार. ओल्या कुंकवाचे ठसे उमटवा किंवा खडूनं काढा, तेही एका बाजूला, म्हणजे चालायला तीन फूट वाट मोकळी राहील.

एवढी मांडणी कागदावर काढून त्यांच्यापुढं ठेवा आणि विचारा, “आई, असं चालेल का?” साधंच करायचं की नाही, हा वाद मग उरतोच कुठं?

त्यानंतर वही काढा. मोबाईलवर नको, वहीच. ती ओट्यावर उघडी राहते आणि तिला पुरणाचे हात लागलेले चालतात. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून शिकायची घाई करू नका, कारण गौरीचं शास्त्र घरागणिक बदलतं. कुणाच्या गौरी मुखवट्याच्या, कुणाच्या नदीवरून आणलेल्या खड्यांच्या, कुणाच्या तेरड्याच्या. कुणाकडं सोबत शंकरोबा येतो, कुणाकडं नाही. पहिल्या दिवशी कुठं शेपूची भाजी-भाकरी लागते, कुठं मेथीची. कांदा-लसूण चालतो का, दुसऱ्या दिवशी भाज्या किती, सोळा पदरांचा हळदीचा दोरा कोण करतं. प्रत्येक गोष्टीपुढं एक प्रश्न विचारून ठेवा: हे कुळाचाराचं, की तुमच्या आवडीचं? कुळाचारात काटछाट करायची नाही. आवडीचं यंदा कमी केलं तरी गौरी रुसत नाहीत, आणि हे सासूबाईंच्याच तोंडून आलं की नवऱ्याशी घासाघीस करावी लागत नाही.

तारखांबद्दलही तुम्ही गोंधळला आहात, कारण गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले आणि यंदा, २०२६ मध्ये, १४ सप्टेंबरला बसणार. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असल्यानं सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडं सरकतात, आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास अधिक महिना येऊन ती तूट भरून निघते. यंदा ज्येष्ठ अधिक आला. गौरी मात्र तिथीपेक्षा नक्षत्रावर चालतात: अनुराधावर येतात, ज्येष्ठावर पूजा, मूळ नक्षत्रावर पाठवणी. त्यामुळं त्यांचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरातच बघायचे. आपल्या भागात बहुतेक घरचे गणपती गौरींसोबतच जातात, हेही धरून चाला.

वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान मिठाचं. चमच्यानं चव घेत घेत स्वयंपाक करायची सवय तुम्हाला असणार, बहुतेकांना असते. पण नैवेद्य दाखवेपर्यंत आपल्याकडं चव बघत नाहीत. आमटीचा चमचा ओठाला लागला की ती आमटी उष्टी झाली, नैवेद्याला चालत नाही. घरातल्या बायकांच्या हाताला अंदाज असतो. ‘चिमूटभर’ आणि ‘अंदाजानं’ हे तुम्ही पत्रात वैतागून लिहिलेले शब्द म्हणजे त्यांचं वर्षानुवर्षांचं माप आहे. तुम्हाला तो अंदाज एका महिन्यात येणार नाही, म्हणून मोजून मिळवायचा. सणाला वापरायची तीच पातेली काढा. आमटी ज्या पातेल्यात करायची, त्यात आधी पाणी भरून किती लिटर मावतं ते बघा. लिटरभर आमटीला दीड ते दोन छोटे चमचे मीठ लागतं, किलोभर बटाट्याच्या भाजीला साधारण दोन. एकदा करून बघा, सासूबाईंना जेवायला वाढा, त्यांनी ‘किंचित कमी’ म्हटलं तर वहीत पाव चमचा वाढवा. चमचा तोच, मीठही तेच ठेवा. जाड्या मिठाचं माप बारीक मिठाला लागू पडत नाही. सणाच्या दिवशी प्रत्येक पदार्थाचं मीठ सकाळीच वाट्यांमध्ये काढून झाकून ठेवा. मग चव बघायची गरजच पडत नाही, आणि आत्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या तरी तुमचा हात थरथरणार नाही.

रंगीत तालीम हवीच. सांगलीच्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गाजावाजा न करता चोर गणपती बसतो. तुमची तालीमही तशीच, बाहेर कुणाला न सांगता उरका. त्यासाठी श्रावणातले शुक्रवार हातात आहेत. जिवतीला पुरण लागतंच, तेव्हा पुरणाचा हात त्या दिवशी बसवा.

पाव किलो हरभऱ्याच्या डाळीला पाव किलो गूळ; याच्या बेताच्या आकाराच्या दहा पोळ्या होतात. डाळ दोन तास भिजवून, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून बोटानं चिरडेल इतकी मऊ शिजवा. वरचं पाणी गाळून ठेवा. पुस्तकं त्याला कट म्हणतील, आपण येळवणी म्हणतो, आणि तिची आमटी हेच त्या जेवणाचं खरं तेज. गाळलेली डाळ आणि गूळ एकत्र शिजवताना उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. त्याआधी उतरवलंत तर पोळी लाटताना फुटते. फार आटवलंत तर गार झाल्यावर पुरण कोरडं पडतं, गोळी वळत नाही. पुरणयंत्रातून गरम असतानाच काढा, थंड पुरण जाळीत अडकून बसतं. जायफळ, वेलदोडा शेवटी. कणीक चपातीपेक्षा सैल, तेल लावून चांगली तिंबलेली, दोन तास झाकून ठेवलेली हवी. कणीक घट्ट आणि पुरण मऊ असलं की पोळी कडेनं फाटते. दोन्ही बोटाला सारखीच मऊ लागली पाहिजेत.

पंचवीस माणसांना मात्र हे करू नका. हिशोब साधा आहे: माणशी दोन धरल्या तर पन्नास पोळ्या, सव्वा किलो डाळ. एक पोळी लाटून भाजायला तीन मिनिटं लागतात, म्हणजे तव्यासमोर अडीच तास सलग उभं राहायचं, तेही पाहुणे दारात असताना. नैवेद्याच्या आणि घरच्यांच्या दहा पोळ्या तुमच्या हातच्या होऊ द्या. बाकीच्या चाळीस पोळ्या करून देणाऱ्या बायका सांगलीत गल्लोगल्ली आहेत. त्यांना आठवडाभर आधी सांगा. आदल्या दिवशी कुणी घेत नाही. ‘सगळं बाहेरून’ हे नवऱ्याचं म्हणणं मला पटत नाही, पण त्यातला एवढा भाग बरोबर आहे.

मोदकांचं आधी विचारून घ्या. उकडीचा मोदक सगळीकडं मिरवतो, पण आपल्या भागात कितीतरी घरांत तळणीचेच मोदक होतात. तुमच्याकडं उकडीचेच असतील तर एकवीस मोदकांना अडीच वाट्या पिठी, तितकंच पाणी आणि दोन नारळ लागतील. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. पाण्याला उकळी आली की चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, मग पिठी. ढवळून झाकण, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच. उकड गरम असतानाच मळायची. गार झाली की कळ्या चिरतात, आणि नवशिक्यांचे मोदक बहुतेकदा इथंच बिघडतात. एका वेळी पाच मोदकांपुरतीच मळून घ्या, उरलेली झाकून ठेवा. वाफवताना खाली हळदीचं पान घाला. सांगलीत राहून हळदीच्या पानाला तोटा नाही.

आता ज्या कामासाठी मला तुमचं पत्र फार मोलाचं वाटलं, त्याकडं येते. तुम्ही ओघात लिहिलंय की लहानपणी आजीसोबत नाताळच्या आदल्या रात्रीसाठी शेकड्यानं पिएरोगी, म्हणजे तुमच्याकडच्या सारण भरलेल्या करंज्या, केल्यात. आपल्याकडं बऱ्याच घरांत गौरींच्या पाठवणीला मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य असतो. कड मुरडलेली, का? तर जाणाऱ्या गौरीनं पुढच्या वर्षी पुन्हा मुरडून माघारी यावं म्हणून. पिएरोगीची कड दुमडलेला हात कानवल्याला मुरड घालू शकतो. घरात ही रीत आहे का ते विचारा, आणि असली तर हे काम मागून घ्या.

फरक लक्षात ठेवा. पिएरोगीचं पीठ मऊ, सारण ओलसर आणि ती पाण्यात उकळता. कानवला तळायचा, म्हणून पीठ घट्ट आणि सारण कोरडं. पंधरा कानवल्यांना एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा, तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चवीला मीठ. दूध थोडं थोडं घालत घट्ट भिजवा, दोन तास ओल्या फडक्याखाली ठेवा, मग कुटून मऊ करा. सारणाला दीड वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद भाजून, एक वाटी पिठीसाखर, दोन चमचे भाजलेली खसखस, वेलदोडा. काही घरांत आत पुरण भरतात, तेही विचारा.

पुरी पातळ लाटा, सारण मधोमध भरगच्च चमचाभरच घाला, कडेला दुधाचं बोट फिरवून अर्धी मिटवा आणि कड चिमटीत दाबून पातळ करून घ्या. मग कानवला डाव्या तळहातावर आडवा घेऊन उजव्या टोकापासून सुरुवात करा. टोक आत दुमडून अंगठ्यानं दाबायचं, त्या दुमडीचा अर्धा भाग पकडून पुढची दुमड तिच्यावर घ्यायची, पुन्हा दाबायचं. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत चौदा-पंधरा मुरडी पडतात आणि कड पिळलेल्या दोरीसारखी दिसते. शेवटचं टोक खाली दडवायचं, तळताना सुटतं ते तेच. कडेवर सारणाचा एक कण राहिला तरी तिथून कानवला उघडतो आणि साखर तेलात उतरून जळते, मग पुढचे सगळे काळपट निघतात. तेल मध्यम आचेवर. पिठाची गोळी टाकली की तीन-चार सेकंदांनी शांतपणे वर यायला हवी. लगेच उसळली तर आच कमी करा. मोठ्या आचेवर कानवले पटकन लाल होतात आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडतात.

असे पंधरा कानवले ताटात लागले की ‘तिला कुठलं जमतंय’चं उत्तर तोंडानं द्यावं लागत नाही. आत्यांशी मात्र अबोला धरू नका. त्यांना आजच फोन करा: “आत्या, येळवणीची आमटी तुमच्या हातची हवी, आदल्या दिवशीच या.” ज्या बाईला नावं ठेवायची सवय असते, तिला बहुतेकदा कुणी कामाला बोलावलेलं नसतं.

नवऱ्याच्या वाट्याला मूर्ती ठरवून आणणं, गुरुजी, सजावट, भरलेला दुसरा सिलिंडर, मारुती रोडवरची खरेदी, वाढणं आणि भांडी घासायला मावशी लावणं. गुरुजींना आत्ताच सांगायला लावा, चतुर्थीच्या सकाळी त्यांना डझनभर घरं असतात. सासऱ्यांकडं फुलं, पत्री, दूर्वा. शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित केली तर काही तासांत विरघळते आणि माती कुंडीत घालता येते. घाटावर जायचं असेल तर निर्माल्य वेगळ्या पिशवीत घेऊन निर्माल्यकुंडातच टाका. कृष्णेला पाणी चढलेलं असेल तर घाटाचा हट्ट नको.

संध्याकाळच्या हळदीकुंकवाला पुन्हा फोटोंचा गराडा पडेल. त्याचा राग मानू नका, पण खुर्चीवरही बसू नका. हातात हळदकुंकवाचं तबक घेऊन दारात उभ्या राहा आणि म्हणा, “आधी कुंकू लावून घ्या काकू, फोटो मग काढू.” तबक जिच्या हातात, ती घरची, हे सांगावं लागत नाही. नाव घ्यायचा आग्रह होईलच. तुमच्यासाठी एक देते, पोलंडच्या विस्तुला नदीला धरून:

विस्तुलेच्या काठची मी कृष्णाकाठी आले,
…रावांचं नाव घेऊन सांगलीकर झाले.

एक विनंती माझीही. तुमच्या गल्लीत नवरा गेलेली कुणी बाई असेल तर तिलाही बोलवा, सासूबाईंशी बोलून. नव्या सुनेनं पुढं केलेलं तबक परत सारणं कुणालाही जड जातं, आणि बदल असाच सुरू होतो.

श्रद्धेचं तुम्ही फार प्रामाणिकपणे विचारलंय. सण म्हणजे पूजा आणि पूजा म्हणजे श्रद्धेची कबुली, असं तुम्ही धरून चालला आहात. पण गौरी-गणपतीत पूजा तासाभराची आणि पाहुणचार तीन दिवसांचा असतो. स्वयंपाक, ओटी भरणं, आल्या-गेल्याचं करणं यात खोटं काही नाही. प्राणप्रतिष्ठा, संकल्प हे नवरा-सासऱ्यांनी करावं, तुम्ही शेजारी हात जोडून उभ्या राहा. देवापुढं मनात काय म्हणायचं, ते तुमचं तुमच्याशी. एखादा विधी मनाला खरंच नको वाटत असेल तर आठवडाभर आधी सासूबाईंना सांगा. ऐन वेळी चौरंगासमोर ‘मी हे करणार नाही’ म्हटलं तर त्याचा अर्थ वेगळा लागतो.

पाळीचं प्रत्येक घरी वेगळं असतं. मला विचाराल तर पाळीत बाईला देवापासून लांब बसवायला काही कारण नाही. पण यंदा घर सासूबाईंचं आहे आणि त्या आजारपणातून उठताहेत, तेव्हा त्यांना एकांतात आधीच विचारा: “तसं झालं तर तुम्हाला काय चालेल?” निम्मी धास्ती तिथंच संपते. म्हणूनच आत्या आदल्या दिवशी घरात असणं बरं, आणि कानवल्यांची मुरड नणंदेला शिकवून ठेवलेली बरी. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. काहींना त्यानं रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको.

अशीच पत्रं सांगली-मिरजेत भाड्यानं राहणाऱ्या परदेशी मंडळींचीही येतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. शेजाऱ्यांनी गणपतीला बोलावलं तर आरतीच्या वेळेला जा, चपला दाराबाहेर, हातात नारळ, फुलं किंवा पाव किलो पेढे. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा आणि थोडा का होईना, तिथंच खायचा. निघताना ‘जाते’ म्हणू नका, ‘येते’ म्हणा. घरमालकांच्या स्वयंपाकघरात आपणहून शिरू नका, बोलावलं तर पाय धुऊन आत जा.

आणि तुमच्या पत्राच्या शेवटी, जवळजवळ माफी मागितल्यासारखी विचारलेली गोष्ट: डिसेंबरात विगिलिया, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं पोलिश जेवण, करू का? जरूर करा, आणि हे गौरीच्या आधीच घरात बोलून ठेवा. बारा पदार्थ, मांस नाही, पहिला तारा दिसेपर्यंत उपास, मेजाच्या कापडाखाली गवत, अवचित येणाऱ्यासाठी एक रिकामं ताट. यातलं काय तुमच्या सासूबाईंना कळणार नाही? संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपास धरणारं घर आहे ते. मासा चालणार नसेल तर तो सोडा, बीटाचं सार आणि बटाटा-पनीरच्या पिएरोगी पुरेत. सांगलीपासून पन्नास किलोमीटरच्या आत, कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. पोलिश नाताळ या मुलखाला नवा नाही.

कापडाखालच्या गवतासाठी तुमच्या दूधवाल्याला आठवडाभर आधी सांगा. तो कडबा आणून देईल. त्याची जाड धाटं काढून नुसती पानं अंथरा, नाहीतर ताटं डुगडुगतात.